श्री. प्रश्नसंच यांस, सविनय

प्रति,
श्री. नीट प्रश्नसंच (सुधारित, वाढीव व हमखास आवृत्ती)
मुक्काम : रिपीटर बॅचचं प्रत्येक टेबल, लातूर

विषय : शिकवण्याच्या त्रासातून सुटका केल्याबद्दल आभार

महोदय,

स. न. वि. वि. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे आपलं आगमन होईपर्यंत शिकवत असे. पूर्वी पोरं ‘असं का?’ विचारायची आणि तास लांबायचा. आता ‘सर, यावर प्रश्न पडतो का?’ एवढंच विचारतात. पडत नसेल तर मी फळा पुसून मोकळा.

आपलं औदार्य तर काय सांगावं! परीक्षा १८० मिनिटांत १८० प्रश्न विचारते, आपण मुखपृष्ठावरच हजारांच्या गोष्टी करता. पोरं आपल्याला एकदा सोडवतात, पुन्हा सोडवतात. तिसऱ्या फेरीत प्रश्न पुरता वाचावाही लागत नाही. ‘हेन्लेचं वेटोळं’ दिसलं की पेन आपोआप तिसऱ्या गोलाकडे. मार्क वाढतात, घरी पेढे येतात. परवा मी विचारलं, वाळवंटातल्या कांगारू रॅटच्या मूत्रपिंडात हे वेटोळं एवढं लांब का? वर्गातून आवाज आला, ‘सर, ऑप्शन्स?’ पाणी राखायचं तर मूत्र दाट करावं लागतं, आणि त्यासाठी ही लांबी. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरांना हे सांगावं लागतंय, ही आपलीच किमया.

आपली स्पष्टीकरणंही थोर. ‘उत्तर (३). कारण (३) हे विधान बरोबर आहे.’ उरलेले तीन पर्याय का चुकले, ही चौकशी आपल्या घराण्यात असभ्य मानतात. वास्तविक खरा अभ्यास त्या तिघांत असतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला उणे एक. निव्वळ डोळे मिटून चार प्रश्नांवर तुक्के मारले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. म्हणजे पदरात एक गुण. प्रत्येक प्रश्नातला एक चुकीचा पर्याय खात्रीने उडवता आला तर तीनच प्रश्नांत दोन गुण. पण पेपर काढणारा काही खुळा नाही. अर्धवट वाचलेल्याला भुरळ पडावी म्हणूनच तो एक पर्याय मुद्दाम घडवतो, आणि तिथे डोळे मिटणारा बचावतो, अर्धवट वाचलेला बुडतो.

आपला आत्मविश्वासही हेवा वाटावा असा. २०२४च्या नीटमध्ये अणूवरच्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला आधी दोन उत्तरं ग्राह्य धरली गेली, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या पुस्तकांचं जमत नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि ७२० पैकी ७२० मिळवणारे ६१ वरून १७ वर आले. देशाला न्यायालय गाठावं लागतं. आपल्याला शेवटच्या पानावरची उत्तरसूची पुरते. त्याच वर्षीच्या नीटच्या अभ्यासक्रमातून ‘पचन व शोषण’ हे प्रकरण गेलं. जुन्या बाजारातल्या आपल्या आवृत्त्या ते अजून पोरांच्या गळी उतरवतात. पचन होवो न होवो.

स्वतःची परीक्षा घेतल्याने शिकलेलं टिकतं, हा आपला दावा मात्र खरा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ते प्रयोगाने दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्याने जास्त राहिला. अडचण एवढीच, की त्या पोरांपुढे चार गोल नव्हते. कोरा कागद होता.

तेव्हा एक विनंती. पुढच्या आवृत्तीत निम्मे प्रश्न गाळा आणि दर पानाची उजवी बाजू कोरी सोडा. धडा वाचल्यावर पोरांनी तिथे आधी आठवेल ते लिहावं, मग प्रश्न सोडवावेत, आणि चुकलेल्या प्रत्येक पर्यायापुढे चूक कुठे झाली ते नोंदवावं. जाडी तेवढीच राहील, किंमतही कमी करावी लागणार नाही.

आपलं म्हणणं कळवावं. पर्याय देऊ नयेत. चार वाक्यांत कारण लिहावं.

आपला कृपाभिलाषी,
फळा पुसून मोकळा झालेला एक मास्तर