उजळाईवाडी ते चिकलठाणा : हवाई अंतर मोजण्याची शास्त्रोक्त रीत

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापर्यंतचे अंतर ज्यास काढावयाचे असेल, त्याने शाळकरी नकाशा व पट्टी बाजूस सारून पृथ्वीचा गोल पैदा करावा आणि त्यावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. कारण गोलावर ताणलेला दोरा जी वाट धरतो तीच सर्वांत जवळची, असे भूमितीचे फर्मान आहे. एवढ्याशा अंतरात पट्टी आणि दोरा यांच्या उत्तरांत गुंजभरही फरक पडत नाही हे खरे. परंतु पट्टीने मोजणाऱ्यास घरात कोणी विद्वान समजत नाही.

उत्तर सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे २०० सागरी मैल येते. अक्षांशाच्या एका कलेएवढा, १८५२ मीटरांचा, हा मैल दर्यावर्दी लोकांचा. परंतु वाटेत समुद्राचा थेंबही न दिसणारा वैमानिकसुद्धा त्याचाच हिशेब सांगतो. पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, सबब प्रवासास पाऊण तास. हा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आता दुरुस्त्या. दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारणतः पूर्व-पश्चिम पडलेल्या आणि प्रवास उत्तरेचा, म्हणून विमानास चढताना व उतरताना वळसा घेणे प्राप्त. शिवाय वेळापत्रकातील वेळ उड्डाणाची नसून, चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावीपर्यंतची असते. नंतर त्या दिवशी थेट विमान आहे किंवा कसे, याची खातरजमा करावी. नसल्यास मुंबईमार्गे जावे : आधी सुमारे ३१० किलोमीटर, मग सुमारे २८०, आणि मध्ये खुर्चीवर बसून चहाची किंमत वाचण्याचा योग. या द्राविडी प्राणायामात दोऱ्याचा काही दोष नाही.

सामानाचा कालावधी निराळा धरावा. एकदा मातोश्रींनी बांधून दिलेली गुळाची ढेप माझ्या पिशवीत होती. तपासणीयंत्राच्या पडद्यावर ती काळी, घट्ट व संशयास्पद दिसली, तेव्हा फडके सोडून, चिकटलेला कागद नखाने सोलून, एका गणवेशधारी गृहस्थांनी ती नाकाशी नेली आणि "हे काय आहे?" असे विचारले. "चाखून पाहा" हे माझे उत्तर वस्तुनिष्ठ होते, परंतु त्यामुळे मला बाजूला उभे राहावे लागले. जाबजबाबात सतरा मिनिटे गेली. तेवढ्यात विमान, सुटले असते तर, फलटणच्या आसपास पोहोचले असते.

घरापासून तळ, दोन तास आधीची हजेरी, मुंबईचा मुक्काम आणि पट्ट्यावर सर्वांत शेवटी येणारी आपली पेटी यांची बेरीज करू नये. बेरीज केल्यास रक्तदाब वाढतो. चिकलठाण्यास बाहेर पडल्यावर, त्याच दिवशी पहाटे एस.टी.त बसलेला आपला मामेभाऊ, पुणे व अहिल्यानगरमार्गे साडेचारशे किलोमीटर तुडवून, आंघोळ करून, केस विंचरून, आपल्यास न्यायला उभा असलेला दिसेल. तो पेटी उचलेल, ढेपेचा वास घेईल आणि आदराने विचारील, "विमानाला किती वेळ लागतो रे, दादा?"

तेव्हा खिशातील कागद काढावा आणि सांगावे : पाऊण तास.