पहिलं ताट

आजारी, धार्मिक आणि नखरेल अशा तिघांनाही आधी वाढतात, असं विमान सोडून दुसरं ठिकाण माझ्या माहितीत नाही. बाकीचे ट्रॉलीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, आणि हवाई सुंदरी एकच ट्रे हातात घेऊन 32 सी शोधत येते. यादीतलं नाव वाचते, "स्पेशल मील?" विचारते, ट्रे ठेवून जाते. शेजारचा चांदीच्या कागदाकडे बघत विचारतो, "तुम्हाला बरं लवकर मिळालं?" मिळणारच! 'लो फॅट'वर खूण करणाऱ्या निम्म्या लोकांना फॅटशी काही देणंघेणं नसतं. त्यांना फक्त नंबर आधी लावायचा असतो.

या विशेष ताटाची मागणी निदान 24 तास आधी नोंदवावी लागते. यादी जगभर साधारण सारखीच, प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं. त्यातली शेवटची दोन बहुतेक 'एमएल', म्हणजे मील. तुमचा देव, तुमची तत्त्वं आणि तुमचं स्वादुपिंड यांनी उरलेल्या दोनांत मावायचं. एव्हीएमएल म्हणजे आपल्याकडचं मसाल्याचं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, डीबीएमएल मधुमेहींचं. केएसएमएल हे ज्यूंचं कोशर, ते सीलबंद येतं आणि सील फोडतात प्रवाशाच्या देखत. बीएलएमएल तर अधिकृतरीत्या मिळमिळीत. बाकीची ताटं न सांगता तशीच असतात, याने निदान आधी कबुली दिलेली असते.

खरी गंमत एचएनएमएलची, म्हणजे 'हिंदू मील'ची. न्यू जर्सीतला चिरंजीव आईबाबांचं तिकीट काढतो, यादीत 'हिंदू' दिसतं, ऊर भरून येतो आणि तो खूण करून टाकतो. बहुतेक कंपन्यांत हे जेवण मांसाहारी असतं. गोमांस नसतं एवढंच. कोंबडी, मटण, मासे सगळं चालतं. जन्मभर अंड्याला न शिवलेलं सदाशिव पेठेतलं जोडपं अटलांटिकवर झाकण उघडतं, तर आत चिकन करी! मालवणचं जोडपं असतं तर मुलाला तिथूनच आशीर्वाद गेले असते.

याच जेवणावरून धर्मही एकदा बुडता बुडता वाचला आहे. 2018 च्या जुलैत एमिरेट्सने 'हिंदू मील' बंद करत असल्याचं जाहीर केलं. समाजमाध्यमांवर हलकल्लोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने शब्द मागे घेतला. रस्सा वाचला, अस्मिताही वाचली. त्याआधी वर्षभर, 2017 मध्ये, एअर इंडियाने देशांतर्गत इकॉनॉमीतला मांसाहार बंद केला होता. कारण दिलं खर्चाचं आणि नासाडीचं. बिझनेस क्लासात मात्र तो चालूच राहिला. म्हणजे कोंबडी खाण्याला कुणाची हरकत नव्हती, स्वस्तात बसून खाण्याला होती.

आता ताटात काय असतं ते बघा. किंवा काय नसतं ते बघा, कारण ही सगळी यादी वजाबाकीवरच चालते. जैनात कांदा, लसूण, बटाटा वजा. व्हीगनमध्ये दूध वजा. ग्लुटेन-फ्रीमध्ये गहू वजा, त्यामुळे पावाच्या जागी थर्मोकोलची बहीण वाटावी अशी तांदळाची चकती. शेजाऱ्याला केकचा तुकडा, तुम्हाला वाटीत खरबुजाच्या तीन फोडी आणि एक द्राक्ष. कमी मिठाचं जेवण मागवणाऱ्याचं धैर्य तर वाखाणण्यासारखं. मुळात उंचावर केबिनमधला हवेचा दाब कमी, हवा कोरडी ठक्क. नाक आणि जीभ दोन्ही अर्ध्या रजेवर. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यासच करून घेतला. मिठाची चव 20 ते 30 टक्क्यांनी कमी जाणवते, असं त्यातून निघालं. म्हणून एरवीच्या विमानी जेवणात मसाला चढवतात. कमी मिठाच्या ट्रेत तोही दिलासा नाही. आधीच अळणी, त्यात जीभ बधिर.

मधुमेहवाले काका डीबीएमएल मागवतात. उकडलेला फ्लॉवर निमूटपणे संपवतात आणि काकूंच्या ट्रेमधल्या गुलाबजामवर नजर ठेवतात. "अर्धाच दे गं, विमानात कुठे शुगर वाढते?" या वाक्याचा अभ्यास कुठल्याही संस्थेने अजून केलेला नाही.

आणि आधी वाढलं म्हणून आधी सुटका, असंही नाही. तुमचं खाऊन संपतं तेव्हा ट्रॉली जेमतेम बाविसाव्या रांगेत असते. ट्रे उचलायला कुणी येत नाही. टेबल मिटत नाही, पाय हलवता येत नाहीत, बाथरूमला उठता येत नाही. पंगतीत शेवटच्या माणसाचा ताकभात होईपर्यंत बसून राहावं, तसं खरबुजाच्या साली सांभाळत बसायचं. मधल्या वेळात शेजाऱ्याची गरमागरम बिर्याणी येते. ती बघण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एवढ्या यादीत उपवासाला मात्र अक्षरं नाहीत. जवळात जवळचं म्हणजे फळांचं ताट, एफपीएमएल. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी यांची या नोंदवहीत दादच लागत नाही. आपल्या आज्यांनी स्पेशल मीलचा प्रश्न आगगाडीच्या काळातच निकालात काढला होता. पिठात पाण्याऐवजी दूध घालून दशम्या केल्या की सोवळंही सांभाळलं जायचं आणि दोन दिवस टिकायच्याही. त्याच परंपरेतल्या काकू आजही पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू टाकूनच विमानात चढतात आणि आलेला एफपीएमएल काकांकडे सरकवतात. त्यांची अडचण वेगळीच आहे. एकादशीच्या रात्री मुंबईहून पश्चिमेला निघालं की रात्र संपता संपत नाही, द्वादशीचा सूर्य उगवायचं नाव घेत नाही. मग उपवास सोडायचा कधी, मुंबईच्या घड्याळाने की नेवार्कच्या? निघायच्या आधी गुरुजींना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "खिडकीची सीट घ्या."