जावईबापूंचा चंद्र

माणसाच्या घरात दुर्बीण आली की चंद्र आपल्या सातबाऱ्यावर चढल्यासारखं त्याला वाटू लागतं. सावेडीतल्या आमच्या कॉलनीत चंद्राविषयी कुणी चकार शब्द काढला, तरी मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून तो दुरुस्त करतो. ‘आज केवढा मोठा उगवलाय बघा!’ असं कुणी म्हटलं, की तो मोठा नसतो, क्षितिजाजवळ मोठा भासतो, हे सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. हल्ली लोक माझ्यासमोर पाण्याच्या टँकरविषयी बोलतात.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांची संकष्टी कडक. पंचांगातली चंद्रोदयाची मुंबईची वेळ पाहून त्या उपास सोडतात. मी त्यांना समजावलं, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, नगर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ दोन अंश, तेव्हा आपला चंद्र साधारण सात मिनिटं आधीच उगवतो. मुंबईकरांपायी आपण सात मिनिटं उपाशी का राहायचं?

“जावईबापू, दिवस काढला. सात मिनिटांनी काय मरते होय मी?”

विज्ञानाचा प्रसार आपल्याकडे असा खुंटतो.

मेच्या मध्याला नगरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा मी कॉलनीतल्या पोरांना शून्य सावली दाखवतो. तीही बाराच्या ठोक्याला नव्हे, साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना. कारण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, म्हणजे प्रयागराजकडचं, आणि सूर्य नगरचा. तांब्याची सावली गेली, बाटलीची गेली. माझी मात्र पोटाखाली रेंगाळली, आणि एका कार्ट्यानं ती बोट करून सगळ्यांना दाखवली. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. मला ढग आवडू लागले आहेत.

अधिक महिन्याचं मात्र मला मनापासून प्रेम आहे. चंद्राचे बारा महिने भरतात ३५४ दिवसांत, सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवसांची तूट. ती साठत जाते आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी असा एक चांद्रमास येतो, ज्यात सूर्य रासच बदलत नाही. संक्रांतीवाचूनचा तो महिना अधिक. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. आता सूर्य-चंद्राच्या या हिशेबात जावयाचा संबंध काय? काहीच नाही. तरी तेहतीस अनारसे त्याला मिळतात. आकाशातल्या तुटीची भरपाई आमच्या घरी माझ्या ताटात होते, आणि या एका प्रथेची मी शास्त्रीय चिकित्सा करत नाही.

अधिक ज्येष्ठावरून आठवलं. १९४२ सालीही ज्येष्ठच अधिक होता, आणि त्या साली नेहरू आमच्या भुईकोट किल्ल्यात आले. म्हणजे आणले गेले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि आगगाडीनं थेट नगर. तिथं त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरचं शेंबडं पोरही सांगतं. पण पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ते म्हणतात, की आम्ही इथं आलो तेव्हा मावळत्या उजेडात शुक्ल पक्षाच्या नव्या कोरीनं आमचं स्वागत केलं.

मी पुस्तक मिटलं आणि हिशेब मांडला. १२ ऑगस्टला आषाढातली अमावास्या, दिव्यांची अवस! तेव्हा ९ तारखेच्या संध्याकाळी चंद्र दिसणं शक्यच नाही. कोर होती, पण वद्यातली, पहाटे पूर्वेला निघणारी. नवी कोर दिसली असेल ती १३-१४ ऑगस्टला. पंडित नेहरूंचा चंद्र चार दिवस पुढे! त्या रात्री मला झोप आली नाही. भारताच्या पहिल्या पंतप्रधानांना सावेडीतून कुणीतरी खोडून काढलं होतं, आणि कॉलनी खुशाल घोरत होती.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, “किती दिवस होते ते आत?”

“किल्ल्यात अडीच वर्षांच्या वर. दर महिन्याची कोर दिसली की तुरुंगातला एक महिना सरला, असं मोजायचे.”

“मग तारीख कशाला लक्षात राहील? कोर लक्षात राहणार.”

मी माझा कागद घडी करून खिशात घातला. तो अजून जपून ठेवला आहे, हा भाग वेगळा.

पण एका बाबतीत माझी चेष्टा मला सुचत नाही. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं. खग्रास स्थिती रात्री अकरा ते बारा बावीस. शेजारची सून सहा महिन्यांची गरोदर. दुपारी साडेबाराच्या सुमारास वेध लागले आणि तिला आतल्या खोलीत बसवलं. सुरीला हात लावायचा नाही, खायचं नाही, पाण्याचा घोट नाही. पृथ्वी सूर्य-चंद्राच्या मध्ये येते, तिची सावली पावणेचार लाख किलोमीटरवर जाऊन पडते, आणि तिचा जाच नेमका सावेडीतल्या एका उपाशी पोरीला! मी तावातावानं शेजारी गेलो. प्रच्छाया, उपच्छाया सांगितली; वातावरणातून वळून जाणारा सूर्यप्रकाशच चंद्राला तांबडा करतो, निळा वाटेतच विखुरतो, हेही सांगितलं. तिच्या सासूनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला चहा विचारला नाही, कारण वेध होते.

तासाभरानं आमच्या सासूबाई चष्मा आणि पंचांग घेऊन तिथं पोचल्या. पान उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाचा. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांना वेध संध्याकाळपासून. आत्ता तीन वाजलेत. वाढा तिला.”

पोरगी जेवली. आमटी-भात, वर दही.

परतताना मी म्हटलं, “आई, पण हे वेधच मुळात…”

“ठाऊक आहे मला. पण तुमच्या त्या प्रच्छायेनं तिच्या पानात भात पडला असता का?”

रात्री शेजारची सून गच्चीवर आली. तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि चंद्र असा तांबडा का, म्हणून विचारलं. मी खाकरून सुरुवात केली, तोच मागून सासूबाई म्हणाल्या, “थोडक्यात सांगा हो. तिला झोपायचंय.”