राहूमहाराजांस अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री राहूमहाराज, वतनदार, परगणे आकाश, यांचे सेवेशी—

कृतानेक नमस्कार विनंति विशेष. शिरस्त्याप्रमाणे ‘चरणी मस्तक ठेवून’ असे लिहावयाचे. परंतु अमृताच्या पंक्तीत सुदर्शन चालल्यापासून आपले चरण केतूंच्या ताब्यात गेले असल्याने मायना अर्धाच ठेवला आहे, त्याची क्षमा असावी.

पत्रास कारण की, पाटीलकी गेली, कुळकर्णीपण गेले, संस्थानिकांचे तनखेही 1971 साली बंद झाले. सूर्यचंद्रांस गिळण्याचे आपले वतन मात्र कोणत्याही कायद्याच्या तावडीत न सापडता निर्वेध चालू आहे. वास्तविक आपल्या बेदखलीचा हुकूम आर्यभटाच्या दप्तरातून इसवी सन 499 च्या सुमारासच सुटला होता: सूर्यास चंद्र झाकतो, चंद्रास पृथ्वीची छाया झाकते, गिळणारा कोणी नाही. पुढे 628 साली ब्रह्मगुप्ताने श्रुतिस्मृतींच्या हवाल्याने आपली बाजू उचलून धरली खरी, पण गणिताची वेळ येताच त्यानेही हिशेब छायेचाच मांडला; आपल्या जबड्याचे माप काही घेतले नाही. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंश तिरकी असून ती क्रांतिवृत्तास जेथे छेदते त्या बिंदूस आपले नाव देऊन ज्योतिर्विदांनी आपणांस सन्मानाने निवृत्तही केले आहे. तरी पंचांगाच्या ज्या पानावर स्पर्श-मोक्षाच्या घटका मिनिटागणिक छापतात, त्याच पानावर वेध पाळण्याची फर्माने असतात. ज्या गणितात आपणांस जागा नाही त्याच गणितावर आपली वसुली ठरवावी, हे एखाद्या मुरलेल्या शिरस्तेदारासच सुचावे. ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देणाऱ्याच्या झोळीत मूठभर धान्य पडे, एवढीच काय ती आपल्या वतनाची जमेची बाजू.

आम्ही विज्ञानवादीही सोवळे आहोत असे नव्हे. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने तेथेच हेलियम शोधला असे छातीठोक सांगतात. साहेब त्या दिवशी विलायतेत होता! त्या ग्रहणाचा वेध फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेनने घेतला तो गुंटूरास, आणि लॉकियरने ऑक्टोबरात आपल्या घरच्या आकाशात, ग्रहणावाचूनच सूर्याच्या ज्वाला न्याहाळल्या. विजयदुर्गास तो आला 1898 च्या ग्रहणास, जवळजवळ 30 वर्षांनी. सत्य इतके भरघोस असताना आम्हांस दंतकथाच गोड वाटली. तेव्हा आपल्या शेजारी आमचेही एक छोटे वतन आहे, हे कबूल करणे प्राप्त आहे.

आता मूळ तक्रार. 16 फेब्रुवारी 1980 ची दुपार. आमचे कोकणातील घर. वहिनींना सातवा महिना. आजीने विळी फडताळात टाकली, लोणच्याच्या बरणीत तुळशीपत्र घातले, आणि आपली छायादेखील आत येऊ नये म्हणून माजघराची दारे-खिडक्या बंद करून फटींत गोणपाट कोंबले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकत होतो आणि तरीही, प्रांजळपणे सांगतो, आत मुकाट बसलो होतो. त्या काळोखात छपराच्या एका निसटलेल्या कौलातून कवडसा आला. एरवी हा कवडसा वाटोळा असतो, त्याचे नवल कोणी करीत नाही. त्या दिवशी सारवलेल्या जमिनीवर, वहिनींच्या बाजेपासून हातभर अंतरावर, एक स्वच्छ चंद्रकोर पडली होती आणि ती क्षणाक्षणाला बारीक होत होती. आपणांस बाहेर ठेवण्यासाठी आजीने जी खोली केली, तिनेच ग्रहण आत आणले होते. आम्ही प्रकाशाच्या सरळ रेषांवर व्याख्यान देण्यास तोंड उघडले, तो आजी म्हणाली, “गप रे. बघू दे.”

तिने बाज तेवढी भिंतीकडे सरकविली. मग गुडघ्यांवर हात ठेवून ती कोरीकडे पाहत बसली, आणि कोर पुन्हा भरू लागली तशी हळूच पुटपुटली, “सुटतंय हो.” कड पुरी जुळेतो वहिनींस पाण्याचा घोट मिळाला नाही, मात्र खुंटीस अडकविलेल्या पंचांगात मोक्षाची वेळ होती, ती तिने विचारलीही नाही. महाराज, त्या दुपारी ती माउली आपल्या पक्षाची होती की आर्यभटाच्या, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. आपल्या दप्तरी तशी काही नोंद असल्यास नक्कल मिळावी. फी भरण्यास तयार आहोत.

उत्तर मोक्षानंतर धाडावे. वेधांत आमच्याकडे टपाल घरात घेत नाहीत.

कळावे, लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
एक बिनवतनी रयत