हॉलमधला जपान

आमच्या विंगमध्ये त्याला सगळे 'जपान' म्हणतात. वय सव्वीस. नोकरी रात्रीची, अमेरिकन गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायची. २०२० साली लोकलचा पास संपला, तो त्याने पुन्हा काढलाच नाही. मीरा रोडची माणसं जागा मिळावी म्हणून आधी उलटी भाईंदरला जातात आणि तिथून बसून येतात. जपान म्हणतो, "मला घरबसल्या विंडो सीट आहे." विंडो म्हणजे लॅपटॉप.

जपानात अशा माणसाला हिकिकोमोरी म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. सहा महिन्यांहून जास्त काळ घरात कोंडून घेऊन जगाशी संबंध तोडणारा तो हिकिकोमोरी. तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९९८ मधल्या पुस्तकाने हा शब्द तिथे सर्वतोमुखी केला. २०२३ साली तिथल्या सरकारने अशांची संख्या साधारण १४ लाख ६० हजार असल्याचा अंदाज दिला. "आमच्या घराण्यात दोन आमदार होऊन गेले" हे लोक ज्या थाटात सांगतात, त्याच थाटात त्याने हा आकडा सांगितला.

पण हिकिकोमोरी व्हायला आधी एक दार लागतं. तिथे पोरगं खोलीत कडी लावून बसतं आणि आई बाहेर ताट ठेवून जाते. इथे शांतीनगरचा वन बीएचके. बेडरूम आईबाबांची. हॉलमध्ये दिवाणावर जपान, समोर बाबांच्या बातम्या, खाली पेपर पसरून मटार सोलणारी आई, कोपऱ्यात जपमाळ ओढणारी आजी आणि दर तासाला बेल वाजवणारा कुणीतरी. या गर्दीत एकटं पडणं ही तपश्चर्याच! जपानने तोडगा काढला: हेडफोन. पोळपाटाएवढे दोन गोळे कानांवर चढले की दार लागलं. आई ताट ठेवून जात नाही. एका कानावरचा गोळा उचलते, "भाजी गार होतेय" म्हणते आणि गोळा सोडून देते. टप्प!

आत मात्र वस्ती दाट. डिस्कॉर्डवर त्याचं नाव 'शिंजी४०११०७'. जग सुटलं, मीरा रोडचा पिनकोड सुटला नाही. वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला कोची, गुवाहाटी, इंदूरहून शुभेच्छा आल्या. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या काकू म्हणाल्या, "नवीन भाडेकरू का हो तुम्ही?" तो याच घरात लहानाचा मोठा झालाय.

जेवायला बसला की हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतो. आजीला वाटतं, पोरगं श्लोक म्हणतं. तिचा जीव त्यात. म्हणून एका दुपारी तिने माळ बाजूला ठेवली आणि त्याच्या शेजारी सरकून म्हणाली, "काय बघतोस रे एवढं? मलाही दाव."

त्याने हेडफोनची पिन उपसली. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन', १९९५ ची मालिका, २६ भाग. नायक शिंजी, वय चौदा. आई गेलेली, बापाने वर्षानुवर्षं लांब ठेवलेला. एक दिवस बाप बोलावतो, तेही अजस्र यंत्रात बसवून लढायला पाठवण्यासाठी. जपान ओळ न् ओळ मराठीत सांगू लागला. एवढं सलग तो दहावीच्या तोंडी परीक्षेतही बोलला नव्हता.

"ह्याच्याही कानात तेच खुंटं?" आजी म्हणाली. शिंजी सदा गाणी ऐकत असतो. "बापाशी बोलत का नाही?"

"बाप बोलत नाही, आजी."

बाबांनी बातम्यांचा आवाज कमी केला. म्हणाले काहीच नाहीत.

तीन आठवड्यांत सव्वीस भाग झाले. शेवटी सगळे शिंजीभोवती उभे राहतात आणि टाळ्या वाजवत अभिनंदन करतात. या शेवटावर जगभर तीस वर्षं वाद चालू आहे, जपान भरल्या डोळ्यांनी सांगू लागला.

"वाद कसला?" आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "एवढी माणसं जमली, टाळ्या पिटल्या. जेवलास का, म्हणून एकानं तरी विचारलं? चल, आमटी गरम करते."