घरचा वायरमन

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसवायचे वायरमनने पाचशे रुपये सांगितले, की याचा स्वाभिमान डिवचला जातो. "दोन वायरी जोडायचे पाचशे? लूट आहे नुसती!" असं म्हणून तो बाजारात जातो आणि अठराशेंचं ड्रिल मशीन घेऊन येतो. बचतीला इथून सुरुवात होते.

फॅन सहा इंची. खिडकीच्या काचेच्या दोन पट्ट्या काढल्या की झालं, असा त्याचा हिशेब. सहा इंच हे पात्यांचं माप, चौकट त्याहून मोठी, हे पट्ट्या काढल्यावर कळतं. मग तो तिसरी काढतो. चौथी आपणहून निघते.

हाताखाली घरातलं एक पोर असतं. त्याचं काम बॅटरी धरणं. "अरे, छताला काय दाखवतोस? हातावर धर, हातावर!" हातावर धरली की डोळ्यांवर येते.

"अहो, एमसीबी पाडलाय ना?" स्वयंपाकघरातून प्रश्न.

"मला शिकवू नकोस."

"नाही, बाथरूमचा दिवा लागलेला दिसतोय, म्हणून विचारलं."

हॉलचा एमसीबी वर जातो, बाथरूमचा खाली येतो. त्यानंतर बराच वेळ कोणी कोणाशी बोलत नाही.

इमारत जुनी, त्यामुळे बोर्डात लाल, काळी आणि हिरवी वायर. नव्या फॅनला तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. दुसरा कोणी इथे थांबला असता. पण आपल्या गृहस्थाला दहावीचं विज्ञान आठवतं. "एसी करंटला कसलं आलंय प्लस-मायनस? कुठलीही कुठेही जोडा!" म्हणणं अगदीच खोटं नाही. वायरी उलटसुलट जोडल्या तरी पंखा फिरतो. म्हणूनच स्विचमध्ये फेजऐवजी न्यूट्रल गेली, तरी याला पत्ता लागत नाही. बटण बंद केलं की पंखा थांबतो, पण फेज तशीच आत बसून राहते, 230 व्होल्टसह. हिरवी-पिवळी "जास्तीची" ठरते आणि तिच्यावर टेप गुंडाळली जाते.

बटण दाबताच पंखा फिरतो आणि अख्खं घर बाथरूमच्या दारात जमतं. त्याच क्षणी आत खालच्या मजल्यावरच्या सुकटीचा घमघमाट येतो. फॅन उलटा बसलेला असतो.

शेवटी वायरमन येतो, बोर्ड उघडतो आणि विचारतो, "कोणी केलंय हे?"

"आधीच्या मालकाने," गृहस्थ शांतपणे सांगतो. बॅटरीवालं पोर जमिनीकडे बघतं. खोलून पुन्हा करायचे आठशे होतात.

अशा गृहस्थांना एवढंच सांगणं. खिडकीत चौकट बसवा, स्क्रू पिळा, पोराला ओरडा, हौस भागवून घ्या. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनलाच करू द्या. स्विच फेजवर आहे ना आणि फॅनला अर्थिंग दिलंय ना, हे त्याला विचारून घ्या. घरात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी नसेल, तर तोही त्याच फेरीत बसवून घ्या. ओल्या हाताला शॉक बसला, तर एमसीबी पडेलच या भरवशावर राहू नका. तो वायरी वाचवायला असतो, माणसं नव्हे.