अर्ध्या अंशाचा मालक

इंग्लंडात रविवारी सकाळी ज्याच्या गॅरेजचं दार उघडं, बॉनेट उघडं आणि बायको एकटीच फिरायला गेलेली, तो बहुधा एमजीबीचा मालक. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात या स्पोर्ट्स गाड्या 5 लाखांहून अधिक बनल्या. तेव्हा गाडी काही दुर्मीळ नाही, आणि तिचा हा मालकही नाही. गाडी छान चालत असते. तरीही तो ठिणगीची वेळ बदलायला डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करतो. शेजारी याला खूळ म्हणतात. खूळ आहेच, फक्त ते नट सैल करण्यात नाही.

पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते, कारण भडका पसरायला वेळ लागतो. लग्नात मागच्या रांगेतले ‘सावधान’ पुरतं व्हायच्या आधीच अक्षता फेकतात, तसंच. किती आधी? सुरुवातीच्या 1798 सीसी इंजिनासाठी गाडीचं पुस्तक सांगतं, बंद इंजिनावर क्रँकशाफ्टचे 10 अंश आणि मिनिटाला 600 फेऱ्यांवर, स्ट्रोब दिव्याच्या उजेडात, 14. ‘मग तेवढं लावा आणि जेवायला चला’ हे म्हणणं रास्त वाटतं, पण टिकत नाही. ते आकडे ज्या पेट्रोलवर बेतले, ते आता पंपावर मिळत नाही. शिसं घातलेल्या पेट्रोलची सर्रास विक्री इंग्लंडात 1999 अखेर थांबली, आणि 2021 पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंगा वयाने ढिल्या होतात. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशिरा पडू लागते. हात लावणं भागच आहे.

खूळ आहे ते पुढे. व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू खुपसायचा, आणि जुन्या गाड्यांत खुणा पुलीच्या बुडाशी असल्यामुळे गार फरशीवर आडवं व्हायचं. शाफ्टचं बुश झिजलेलं, त्यामुळे पुलीवरची खडूची रेघ स्ट्रोबखाली चांगली दोन अंश थरथरते, आणि हा गृहस्थ त्या थरथरीत अर्धा अंश मोजतो! मग डिस्ट्रिब्युटरवरची दातेरी चकती दोन टिचक्या पुढे, चढावर टॉप गिअरमध्ये एक फेरी, इंजिन खडखडलं की एक टिचकी मागे. पद्धत चांगलीच आहे, कारण इंजिनाला काय सोसतं ते चढावर कळतं. पण पुस्तक प्रमाण न मानणारा हा माणूस स्वतःच्या कानाला वेद मानतो, आणि कानही गाडीच्याच वयाचा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवत नाही, असं विचारलं की तो उखडतो. पॉइंट बिघडायच्या आधी कुरकुरतात, ती इलेक्ट्रॉनिक डबी एकदम मान टाकते, हा त्याचा युक्तिवाद, आणि तो अगदीच पोकळ नाही. मात्र डबी बसवल्यावरही डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावावंच लागतं असं कुणी सांगितलं, की तो त्याच संध्याकाळी ती मागवतो.